पोराला जिम लावताय? डोंबिवलीतल्या आमच्या जिमचा रिव्ह्यू, आणि भिंतीवरच्या बॉडीबिल्डर रॉनी कोलमनबद्दल बरंच काही

साडेचार स्टार देतोय, आणि त्यातले तीन एकाच गोष्टीसाठी, इथे पोरांच्या हातात मसल फुगवायच्या स्टिरॉइडची सुई कोणी देत नाही. मशिन, पंखे, पार्किंग सगळं लिहितो पण अकरावी-बारावी आणि फर्स्ट इयरच्या मुलांच्या आईवडलांनी हे नीट शेवटपर्यंत वाचावं अशी मनापासून इच्छा आहे.

आधी जागा. एमआयडीसी साइडला जुना गाळा आहे, एसी नाही, वर पत्रा, मे महिन्यात माणूस भाजून निघतो, मोठे पंखे आणि एक एक्झॉस्ट एवढंच. पण सामान दमदार आहे. दोन स्क्वॉट रॅक, म्हणजे खांद्यावर बार घेऊन बैठका मारायला, बार सरळ (जे जिम करतात त्यांना कळेल ही किती मोठी गोष्ट आहे), डंबेलच्या जोड्या ५० किलोपर्यंत आणि जागच्या जागी, डेडलिफ्टला, म्हणजे जमिनीवरून बार उचलायला, खाली जाड रबर टाकलेला वेगळा कोपरा. ट्रेडमिल दोन, त्यातली एक कायम बंद. संध्याकाळी ७ नंतर बेंचप्रेसला लाइन लागते आणि गाण्यांचा आवाज फार मोठा असतो, सकाळी शांत असतं, मी सकाळीच जातो. मुलगा संध्याकाळी.

आता मुद्द्यावर येतो. मुलगा आधी घराजवळच्या एका चकाचक जिममधे जायचा, नाव लिहीत नाही. तिथल्या ट्रेनरने पहिल्या महिन्यातच त्याला सांगितलं, नॅचरलने, म्हणजे औषधाशिवाय, काही होत नसतं, स्टिरॉइडचा छोटा कोर्स मार, घरी सांगू नको. पोरगं घाबरलं आणि घरी सांगितलं, नशीब आमचं. मग एका मित्राने ही जिम सुचवली. इथे अॅडमिशनलाच सरांनी विचारलं काय पाहिजे, तर आमचे चिरंजीव भिंतीकडे बोट दाखवून म्हणाले, असं. भिंतीवर रॉनी कोलमन. सर हसले नाहीत, ओरडलेही नाहीत, मोबाइल काढला आणि त्याच माणसाचा आत्ताचा फोटो दाखवला, कुबड्या घेतलेला. म्हणाले, दोन्ही फोटो खरे आहेत, बस आधी, सगळं सांगतो.

मी स्वतः कोलमनचा जबरदस्त फॅन आहे आणि आजही आहे, त्यामुळे जे सरांनी सांगितलं आणि जे मी वर्षानुवर्षं वाचत आलोय ते इथे लिहितो. लुइझियानातला माणूस, जन्म १९६४ चा. ग्रॅम्बलिंग स्टेट युनिव्हर्सिटीतून अकाउंटिंगची डिग्री चांगल्या मार्कांनी घेतली, फुटबॉल खेळला, आणि तरी मनासारखी नोकरी मिळेना म्हणून टेक्सासमधे डॉमिनोजमधे कामाला लागला. १९८९ ला आर्लिंग्टन शहराच्या पोलिसात भरती झाला. तिथल्याच मेट्रोफ्लेक्स जिमचे मालक ब्रायन डॉब्सन, त्यांनी याचं शरीर बघून सांगितलं की फी नको, फक्त मला तुला मिस्टर टेक्सास स्पर्धेसाठी तयार करू दे. १९९० ला तो ती स्पर्धा जिंकला. पण यानंतर सगळं पटापट झालं असं कोणाला वाटत असेल तर तसं नाही, १९९७ च्या मिस्टर ऑलिंपियात, म्हणजे बॉडीबिल्डिंगच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेत, तो नववा होता. आणि १९९८ ला पहिला. मग २००५ पर्यंत सलग आठ वेळा, आधीचा चॅम्पियन ली हेनी याच्या रेकॉर्डची बरोबरी, २००६ ला जे कटलर नावाच्या बॉडीबिल्डरने हरवलं. पहिली ऑलिंपिया जिंकली तेव्हासुद्धा हा माणूस पोलिसाची ड्युटी करत होता, हे मला अजूनही ऐकताना अंगावर काटा आणतं.

२००३ ला स्टेजवर १३० किलो, आणि तेही सगळी चरबी काढून. ८०० पौंड म्हणजे ३६० किलोच्या वर, तेवढ्याचं स्क्वॉट दोन रेप (म्हणजे सलग दोनदा), डेडलिफ्टही दोन रेप, आणि वर 'येऽऽ बडी, लाइटवेट बेबी' अशी आरोळी. ती आरोळी आज आपल्याकडे गल्लीतली जिमपण मारते.

आणि त्याची किंमत. पाठीची डिस्क, म्हणजे मणक्यांमधली गादी, ऑलिंपिया जिंकायच्या आधीच स्क्वॉट करताना गेली होती, थांबला नाही. २००७ च्या डिसेंबरात पाठीचं पहिलं ऑपरेशन, नंतर मणके जोडायची ऑपरेशनं एकामागून एक, दोन्ही खुबे बदलले, एकूण डझनभर तरी सर्जरी झाल्यात. कुबड्या, व्हीलचेअर. २०२५ च्या जूनमधे रक्तात इन्फेक्शन होऊन हॉस्पिटलमधे होता, तेव्हा जगभरच्या जिमवाल्यांचा जीव टांगणीला लागला होता, माझाही. तरी तो बसून का होईना व्यायाम करतो. आणि पश्चात्ताप काय तर ८०० पौंडाचे स्क्वॉट दोनच मारले, चार मारायला हवे होते. मला हे वाचून आदर वाटतो आणि त्याच वेळी फार वाईटही वाटतं, दोन्ही एकदम.

इथे सरांचं मला सगळ्यात जास्त पटलं ते म्हणजे त्यांनी पोराला खोटी भीती घातली नाही. कोलमनची पाठ स्टिरॉइडनेच गेली असं कोणी सांगितलं तर ते बरोबर नाही, पाठ गेली ती वजनाने आणि दुखत असताना परत परत त्याच वजनाखाली उभं राहण्याने. पण तो स्वतः मुलाखतींमधे बोललाय की स्टिरॉइड घेतली, डॉक्टरच्या प्रिस्क्रिप्शनने घेतली. आणि औषधाने मसल आणि ताकद ज्या वेगाने वाढते त्या वेगाने डिस्क आणि सांधे मजबूत होत नाहीत, म्हणजे ट्रकचं इंजिन रिक्षाच्या सांगाड्यावर बसवल्यासारखं. कोलमनचा सांगाडा तर लाखात एक होता, त्याचंही हे झालं.

१९९८ ला त्याच्या मागे दुसरा आलेला फ्लेक्स व्हीलर, काय देखणं शरीर होतं त्याचं. किडनीचा आजार, २००३ ला ट्रान्सप्लांट, २०१९ ला पाय कापावा लागला. त्याचा आजार औषधांमुळेच असं मी म्हणणार नाही, पण २०१० मधे अमेरिकन डॉक्टरांचा एक पेपर आला होता, बरीच वर्षं स्टिरॉइड घेणाऱ्या १० बॉडीबिल्डरांच्या किडनीचा तुकडा काढून तपासला तर ९ जणांच्या किडनीतल्या गाळण्यांवर व्रण सापडले, आणि एकाने थांबून पुन्हा चालू केलं तर लघवीतून प्रोटीन जाणं पुन्हा सुरू. मोहम्मद बेनअझिझा नावाचा बॉडीबिल्डर १९९२ ला हॉलंडमधे स्पर्धा झाल्यावर त्याच रात्री गेला, ३३ वर्षांचा. ऑस्ट्रियाचा आंद्रेआस म्युन्झर १९९६ ला, ३१ वर्षांचा. स्टेजवर कातडी कागदासारखी पातळ दिसावी म्हणून पाणी काढायच्या गोळ्या घेतात, त्याने रक्तातलं पोटॅशियम बिघडतं आणि हृदय दगा देतं. १९९० ला ऑलिंपियात स्टिरॉइड टेस्ट केली होती, ते टिकलंच नाही, कारण बघणाऱ्यांना दरवर्षी आदल्या वर्षीपेक्षा मोठं शरीर बघायचं असतं आणि आयोजकांना तेच विकायचं असतं. माझा राग खेळाडूंवर नाही, यांच्यावर आहे.

२०२५ ला युरोपियन हार्ट जर्नलमधे आलेला अभ्यास तर प्रत्येक जिमच्या दारावर लावला पाहिजे. २००५ ते २०२० मधे स्पर्धा खेळलेल्या २०,२८६ पुरुष बॉडीबिल्डरांचा माग काढला, १२१ मृत्यू सापडले, सरासरी वय ४५, त्यातले ३८ टक्के अचानक हृदय बंद पडून. प्रोफेशनलना अचानक हृदय बंद पडून मरण्याचा धोका हौशी खेळाडूंच्या पाच पटीहून जास्त.

आणि हे फक्त अमेरिकेत चालतं असं समजू नका. जागतिक डोपिंगविरोधी संस्थेच्या २०२३ च्या आकड्यांत भारताच्या ५,६०६ सॅम्पलपैकी २१३ पॉझिटिव्ह, मोठ्या देशांमधे सगळ्यात वाईट प्रमाण आपलं. आपल्याकडे २०२२ ला डोपिंगचा कायदा झाला पण गल्लीतल्या 'श्री' स्पर्धेत कोणी पोरांची लघवी तपासताना मी तरी पाहिलेलं नाही. शिवाय आता मेफेंटरमाइनचं इंजेक्शन, जे ऑपरेशनच्या वेळी पडलेलं बीपी वर आणायला भूलतज्ज्ञ वापरतात, ते पोरं वर्कआउटच्या आधी टोचतात, झोप उडते, दम लागत नाही, आणि काळीज धाडधाड पळतं. महाराष्ट्रात यावर पोलिसांच्या धाडी पडल्याच्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील. बाहेरून टेस्टोस्टेरॉन दिलं की शरीर स्वतःचं बनवणं बंद करतं, वृषण आकसतात, स्पर्म काउंट पडतो, छाती बायकांसारखी वाढू शकते, आणि वाढत्या वयात घेतलं तर हाडांची टोकं लवकर बंद होऊन उंची थांबते. हे सतरा-अठरा वर्षांच्या पोराला ट्रेनर सांगत नाही, तो फक्त डोस सांगतो.

तर ही जिम वेगळं काय करते. काउंटरवर सप्लिमेंटचा एकही डबा विकायला नाही. सुरुवातीला सीबीसी (रक्तपेशी), क्रिएटिनिन (किडनी), एसजीपीटी (लिव्हर), लिपिड (कोलेस्टेरॉल) आणि बीपी करून आणायला सांगतात, रिपोर्ट लॅबमधून तुम्हीच करायचे, त्यांचं कमिशन नाही. पहिले काही महिने स्क्वॉट आणि डेडलिफ्ट हलक्या वजनावर, पाठ गोल झाली की सर सेट थांबवतात, मग कोणी कितीही तोंड वाकडं करो. खाण्यात अंडी, सोया वडी, मोड आलेली कडधान्यं, पनीर, चिकन, परवडलं तर व्हे प्रोटीन पावडर, पण बिल देणाऱ्या दुकानातूनच. आणि कोर्स मारताना कोणी सापडलं तर आधी डॉक्टरकडे पाठवतात, हाकलून देत नाहीत, कारण हाकललं की पोरगं दुसरीकडे जाऊन तेच करतं. एक मुलगा असाच दुसरीकडून कोर्स घेऊन आला होता, त्याला सर स्वतः फिजिशियनकडे घेऊन गेले. हा नियम मला फार मोठा वाटतो.

माझ्या मुलाचं वजन हळूहळू वाढतंय, आरशात रोज बघतो, कधीकधी वैतागतो. वैतागू दे. बारवर वजन वाढतंय, झोप चांगली आहे, पाठ सरळ आहे.

कमी काय ते सांगतो. बाथरूम एकच आणि स्वच्छता बेताची, अर्धा स्टार त्यासाठीच कापलाय. लॉकर नाहीत, मोबाइल-पाकीट सांभाळा. मुलींसाठी वेगळी बॅच फक्त दुपारी आहे, ती संध्याकाळी पण हवी, सरांना सांगून झालंय. बाइक गाळ्यासमोर लागते, कार आणू नका. फी महिन्याची घेतात, वर्षाची एकदम भरायची सक्ती नाही, रविवारी बंद. मुलाला पाठवायचं असेल तर पहिल्या दिवशी सोबत तुम्ही या, सर पालकांशी बोलल्याशिवाय १८ च्या खालच्या पोराला घेतच नाहीत.