सिंगापूरमधला नवशिक्यांचा छिगाँग वर्ग: दहा तासिकांनंतरचा अभिप्राय

सिंगापूरला मुलीकडे सहा महिन्यांसाठी राहायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट लक्षात आली. इथल्या सरकारी वसाहतींमध्ये इमारतीचा तळमजला मोकळा सोडलेला असतो, त्याला ‘व्हॉइड डेक’ म्हणतात, आणि सकाळी सातच्या सुमारास उजाडले की तिथे वीस-पंचवीस वयस्क माणसे ओळीने उभी राहून अतिशय संथपणे हात वर-खाली करत असतात. आठवडाभर गॅलरीतून पाहिल्यानंतर मी जवळच्या कम्युनिटी क्लबात चौकशी केली आणि 10 तासिकांचे 80 सिंगापूर डॉलर भरून नवशिक्यांच्या छिगाँग, म्हणजे संथ हालचाली आणि श्वास यांच्या चिनी व्यायामाच्या, वर्गात नाव नोंदवले. माझे वय 63 आहे, उजव्या गुडघ्याची झीज झालेली आहे, रक्तदाबाची एक गोळी रोज चालू आहे आणि ठाण्यात असताना पंधरा वर्षे योगवर्गाला जाण्याची सवय होती. पुढचा अभिप्राय वाचताना हे ध्यानात ठेवावे.

वर्गात ‘बा दुआन जिन’ हा एकच संच शिकवतात. या नावाचा अर्थ ‘किनखाबाचे आठ तुकडे’ असा होतो आणि बाराव्या शतकातल्या चिनी लेखनात ते आढळते. अशा व्यायामाची परंपरा त्याहूनही बरीच जुनी आहे. हूनान प्रांतातल्या मावांगदुई येथे इसवी सनपूर्व 168 मध्ये बंद केलेल्या थडग्यातून 1973 मध्ये जे रेशमी चित्र बाहेर आले, त्यावर व्यायामाच्या निरनिराळ्या स्थितींतल्या 44 मानवी आकृत्या आहेत. ‘छिगाँग’ हे या सगळ्या प्रकारांचे एकत्रित नाव मात्र 1950च्या दशकात रुळले. आज जगभर शिकवला जाणारा आठ हालचालींचा क्रम चीनच्या क्रीडा प्रशासनाने 2003 मध्ये प्रमाणित केलेला आहे. त्यात बहुतेक हालचाली सहा वेळा आणि शेवटची सात वेळा करायची असते. सगळा संच बारा मिनिटांत होतो. बारा मिनिटांच्या संचासाठी दहा तासिका कशाला, असे पैसे भरताना मला वाटले होते. तिसऱ्या तासिकेपर्यंत पहिल्या दोनच हालचाली झाल्या होत्या आणि त्याही मला नीट येत नव्हत्या.

शिक्षक सत्तरी ओलांडलेले आहेत आणि सगळे त्यांना ‘लाओशी’, म्हणजे गुरुजी, असेच म्हणतात. त्यांचे इंग्रजी तुटक आहे, पण शिकवण्यात त्याची अडचण कधी जाणवली नाही, कारण ते बोलतात कमी आणि रांगेतून फिरत एकेकाचा खांदा, कोपर, टाच बघतात जास्त. त्यांच्या तोंडी सतत एक शब्द असतो, ‘फांगसोंग’, म्हणजे अंग सैल सोडा. त्यातले ‘सोंग’ ऐकून पहिल्या दिवशी मला हसू आवरेना, परंतु पुढे तो शब्द वेगळ्याच अर्थाने पटला. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे आणता येत नाही, असे आपल्याकडे म्हणतात. त्या यादीत सैल खांद्याचीही भर घालायला हरकत नाही. मी खांदे सोडले आहेत असे मला प्रामाणिकपणे वाटत असे, आणि लाओशी मागून येऊन दोन बोटांनी नुसते टेकले की ते चांगले दीड इंच खाली येत.

दुरुस्ती करण्याची त्यांची हातोटी हे या वर्गाचे खरे मोल आहे. पाचव्या हालचालीत पाय फाकवून, गुडघे वाकवून, घोड्यावर बसल्यासारखे उभे राहायचे आणि धड एका बाजूने दुसऱ्या बाजूला फिरवत न्यायचे असते. गुडघेदुखी असणाऱ्याने जिला घाबरावे अशी हीच. लाओशींनी माझ्यामागे लाल प्लास्टिकची खुर्ची आणून ठेवली आणि तिच्या कडेवर बसायला निघाल्यासारखे, पण बसायचे नाही, इतकेच वाकायला सांगितले. वाकल्यावर बुटाचे टोक गुडघ्याच्या पुढे दिसले पाहिजे, ही त्यांची कसोटी. आठव्या हालचालीत टाचा उचलून पुन्हा जमिनीवर टेकवायच्या असतात. मी पहिल्यांदा त्या सिमेंटवर अशा आपटल्या की दातावर दात बसले आणि शेजारच्या बाईंनी दचकून पाहिले. आधी पायाच्या बोटांनी जमीन धरायची, टाचा अर्ध्यापर्यंत सावकाश खाली आणायच्या आणि उरलेले अंतर अलगद सोडून द्यायचे, हे त्यांनी स्वतःचे बूट काढून चार वेळा करून दाखवले. पडद्यावरच्या चित्रफितीतून ही हालचाल कितीही वेळा पाहिली असती तरी टाच कुठे थांबते हे मला कळले नसते.

श्वासाच्या बाबतीत मात्र या वर्गाबद्दल माझी गंभीर तक्रार आहे. लाओशींचा नियम साधा आहे: पहिले काही आठवडे श्वासाकडे लक्षच द्यायचे नाही, तो आपल्या गतीने नाकातून चालू द्यायचा, हालचाल अंगवळणी पडली की हात वर जाताना श्वास आत आणि खाली येताना बाहेर, हे आपोआप जुळते. शरीर, श्वास आणि मन या तिन्ही गोष्टी लावून घ्यायच्या असतात, पण त्याच क्रमाने, असे ते सांगतात. प्राणायामातल्या पूरक, कुंभक, रेचक (श्वास घेणे, रोखणे, सोडणे) यांचे प्रमाण मोजण्याची सवय असलेल्या माझ्यासारखीला हे सुरुवातीला ढिलेपणाचे वाटले. चौथ्या तासिकेला लाओशी आजारी पडले आणि कोणतीही पूर्वसूचना न देता एक तरुण बदली शिक्षक आले. त्यांनी अगदी नवख्या मंडळींना उलटे उदरश्वसन, म्हणजे श्वास घेताना पोट आत ओढण्याचा प्रकार, करायला लावले आणि वर चार अंक मोजत श्वास रोखायलाही सांगितले. सातव्या-आठव्या वेळी माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी खांब धरून खाली बसले. रक्तदाब कोणाला आहे, हे त्यांनी आधी विचारलेही नव्हते. पुढच्या खेपेला लाओशींना हे सांगितल्यावर त्यांनी माझ्या तळहातावर आपला तळहात ठेवला, वर-खाली केला आणि म्हणाले, ‘हात शिकव, श्वास शिकेल.’

वर्गाच्या पत्रकातही असाच अतिरेक आहे. मधुमेह, निद्रानाश आणि संधिवात ‘बरे होतात’ असे त्यात बेधडक छापले आहे. ज्येष्ठांचा तोल आणि रक्तदाब यांवर बा दुआन जिनचे अभ्यास झालेले आहेत आणि काहींत फायदाही दिसला आहे. परंतु त्यांतले बरेच लहान आहेत आणि आपण व्यायाम करतो आहोत हे करणाऱ्यापासून लपवता येत नाही, म्हणजे फायदा व्यायामाचा किती आणि नुसत्या अपेक्षेचा किती हे वेगळे करणे कठीण, त्यामुळे त्यावरून कोणी गोळी बंद करू नये. शिवाय आम्हा भारतीयांच्या सोयीसाठी त्याच पत्रकात छी (चिनी कल्पनेतली जीवनशक्ती) म्हणजे प्राण आणि दानतियन (ती साठते असे मानलेले ओटीपोटातले केंद्र) म्हणजे मणिपूर चक्र असे कोष्टकच दिले आहे. दोन परंपरांची ही घाईची सोयरीक मला रुचली नाही, कारण मणिपूर चक्र बेंबीपाशी मानतात आणि दानतियन दाखवताना लाओशींचे बोट नेहमी बेंबीच्या खाली जात असे.

माझ्यापुरते सांगायचे तर दहा तासिकांनंतर एका पायावर उभे राहून मोजा चढवता येऊ लागला आहे आणि मान मागे वळवताना होणारी कटकट कमी झाली आहे. गुडघा होता तसाच आहे. पायाची बोटे पकडण्यासाठी खाली वाकण्याची सहावी हालचाल मी मांडीपर्यंतच करते, आणि लाओशींची त्याला हरकत नाही. ज्यांना येणे जमेल त्यांनी सपाट तळव्याचे बूट घालून यावे आणि पंख्याखालची जागा पकडावी, कारण पावणेआठनंतर तिथला दमट उकाडा असह्य होतो.

पुढच्या सत्राचे पैसे मी भरले आहेत. भरताना खिडकीवरच्या मुलीला एवढेच विचारले की, बदली शिक्षक येणार असतील तर आधी कळवाल का. तिने माझा नंबर लिहून घेतला आणि त्यापुढे लाल शाईने ‘रक्तदाब’ असे लिहिले.