ठिबकची चाचणी पहिल्या ओळींवर उरकू देऊ नका

रान चढाचं, म्हणून ठिबक बसवताना ठेकेदाराकडे मी पीसी ड्रिपरच मागितले होते. म्हणजे दाब कमीजास्त झाला तरी ठरलेलंच पाणी सोडणारे. उंचीत १० मीटरचा फरक पडला की दाबात दर चौरस सेंटीमीटरला साधारण १ किलोचा फरक पडतो. त्यामुळे चढावर साधे ड्रिपर लावले की खालच्या ओळी तुडुंब आणि वरच्या तहानलेल्या. बिलावर पीसीच लिहिलं होतं, ताशी ४ लिटरचे.

चाचणीला पठ्ठ्याने पंप सुरू केला आणि मला पंपाजवळच्या ओळींवर फिरवलं. सगळं झकास, दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा दीड किलोवर. वर जायला निघालो तर म्हणे, ‘तिकडे चिखल आहे, कशाला जाता!’ बाकीच्या सबमेनचे, म्हणजे ओळींना पाणी पोचवणाऱ्या पोटपाइपांचे, व्हॉल्व्ह त्याने बंद ठेवले होते, हे नंतर उघडकीला आलं. अख्ख्या रानाचा दाब एवढ्याशा तुकड्याला मिळाला, तर कुठलाही ड्रिपर चालेल. आणि तो गेज! पंप बंद केला तरी काटा दीडवरच. त्यामुळे गेज बघायचा तो आधी पंप बंद असताना. काटा शून्यावर हवा.

पुढे वरच्या अंगाची रोपं माना टाकू लागली. फोन केला तर सल्ला मिळाला, ‘पंप जास्त वेळ चालवा.’ म्हणजे खाली वाफसाच येणार नाही आणि खत मुळांच्या खाली वाहून जाणार.

मग सगळे व्हॉल्व्ह उघडले आणि ड्रिपरखाली मापं ठेवली. ताशी ४ लिटर म्हणजे १५ मिनिटांत १ लिटर. खाली तेवढं भरलं, वर जेमतेम अर्धा. साध्या ड्रिपरचं पाणी दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतं, म्हणजे वर दाब पावच पोचत होता. एक ड्रिपर ब्लेडने चिरला. आत नागमोडी वाट होती, पण दाब सांभाळणारा मऊ रबरी पडदा नव्हता.

नळीतही हात मारलेला. ठरली १६ मिमी. पहिल्या ओळींना तीच, वर मात्र १२ मिमी. वरवर पाहता फरक किरकोळ वाटतो, पण आतला व्यास निम्मा झाला तर तेवढ्याच प्रवाहाला घर्षणात जाणारा दाब सुमारे ३० पट होतो. थोडी बारीक नळीही म्हणूनच महागात पडते.

शेवटचा हप्ता द्यायच्या आधी सगळे व्हॉल्व्ह उघडून, सर्वांत लांबच्या आणि सर्वांत उंच ओळीच्या टोकाला पाणी मोजायचं, असं करारातच लिहून घ्या. ड्रिपर कुठलाही एक, तुम्ही निवडलेला, चिरून बघायचा. ठेकेदार कां कूं करू लागला, तर तिथेच थांबा.

चिरलेला ड्रिपर समोर ठेवल्यावर त्याने ड्रिपर बदलून दिले. नळ्यांचं घोंगडं अजून भिजत पडलंय. तोवर मी दोन पाळ्यांत पाणी देतोय.