शित्झू घरात असेल तर पावसाळ्यात म्हापशाचं हे पार्लर सोडू नका

गोव्यात लांब केसांचा छोटा कुत्रा सांभाळायचा तर खरं काम केस कापण्याचं नाही, सुकवण्याचं आहे, आणि मला हे ग्रूमिंग पार्लर आवडतं ते ह्या एकाच गोष्टीसाठी. कटिंग काय, कुठेही होते. आमचा मोगू शित्झू आहे, वजन सहा किलोच्या आसपास. शित्झूचे केस वाढतच राहतात, वर लांब आणि आत मऊ असे दोन थर, आणि सुटलेला केस जमिनीवर पडायच्या ऐवजी त्या आतल्या थरात अडकून बसतो, तिथे गुंता होतो, आणि तो गुंता कातडीजवळ ओला राहिला की झालंच. जून ते सप्टेंबर आपल्याकडे दोरीवरचा टॉवेल धड सुकत नाही तिथे हा काय सुकणार. मग यीस्ट म्हणजे कातडीवरची बुरशी, मग कानाला वास, मग खाजवून खाजवून लाल चट्टे.

इथे पाणी घालायच्या आधी पूर्ण विंचरतात. हे फार महत्त्वाचं आहे कारण गुंता भिजला की आणखी घट्ट बसतो आणि मग कातरण्याशिवाय इलाज राहत नाही. नंतर हातातला ब्लोअर, हवा कोमट, आणि एका हाताने केसांचा एकेक थर उचलत बारीक तारांचा स्लिकर ब्रश फिरवत अगदी मुळापर्यंत सुकवतात, पोटाखाली, काखेत, कानामागे, बोटांच्या मधेसुद्धा. वेळ लागतो, भरपूर लागतो, पण घाई करत नाहीत. आधी आम्ही दुसऱ्या एका ठिकाणी जायचो (नाव नको) तिथे बंद पिंजऱ्यात बसवून गरम हवा सोडायचे, मोगू बाहेर यायचा तो जीभ लांब काढून धापा टाकत. चपट्या नाकाच्या कुत्र्याला हे खरंच धोक्याचं आहे. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकूनच थंड होतो, आणि ह्यांच्या नाकपुड्या आणि श्वासाची वाट मुळातच अरुंद. उष्माघात व्हायला वेळ लागत नाही.

दुसरी गोष्ट डोळे. मागच्या पावसात नेला होता तर इथल्या बायने टेबलावर ठेवल्या ठेवल्या बघितलं की तो एक डोळा अर्धवट मिटून घेतोय. कात्री बाजूला ठेवली आणि म्हणाली, "आधी डॉक्टरला डोळा दाखवा, आंघोळ कुठे पळून जात नाही." पैसेही घेतले नाहीत. आम्ही तसेच डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी रंगाची पट्टी लावून निळ्या लाइटखाली बघितलं तर बुबुळावर हिरवा ओरखडा स्पष्ट दिसत होता. अल्सर. शित्झूचे डोळे मोठे आणि खोबणी उथळ, त्यामुळे साधा केस टोचला तरी जखम होते, आणि उशीर झाला तर डोळाच जायची भीती. ड्रॉप्स आणि डोळा खाजवू नये म्हणून गळ्यात कोन, त्यावर बरा झाला. त्या दिवशी तिने दुर्लक्ष करून शाम्पू लावला असता तर काय झालं असतं हा विचार अजून येतो. म्हणून सांगते, ग्रूमर निवडताना कट किती गोंडस करतो ते बघू नका, कुत्र्याकडे नीट बघतो की नाही ते बघा.

गोचीड पण शोधून काढतात. कानाच्या घडीत, बोटांच्या मधे, पट्ट्याखाली, आणि काढलेली दाखवतात. आपल्या हवेत गोचीड बारा महिने असते आणि त्यातून टिक फीव्हर होतो, कुत्रा खायचं सोडतो, ताप येतो, हिरड्या पांढुरक्या पडतात, कधी नाकातून रक्त. गोळी वजनाप्रमाणे डॉक्टरांकडूनच घ्यायची हे त्या स्वतः सांगतात, उगाच स्वतःचं औषध विकत नाहीत. लसीचं पुस्तक बघितल्याशिवाय आत घेत नाहीत, काही लोकांना राग येतो त्याचा. २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित जाहीर झाला तो ह्या लसींमुळेच, मग पुस्तक दाखवायला कसला त्रास?

मोगूला पावसात पपी कट करतो, सगळीकडून छोटा. झिरो मशीन मारून मागू नका, कातडी उघडी पडते. घरी मात्र दिवसाआड विंचरायलाच हवं. नुसता ब्रश वरवर फिरतो आणि वाटतं सगळं छान आहे, मागून स्टीलचा कंगवा मुळापर्यंत घातलात की गाठ कुठे आहे ते कळतं. हा कंगवा त्यांनीच घ्यायला सांगितला, कुठल्याही पेट शॉपमध्ये मिळतो. आणि माणसांचा शाम्पू नको, कुत्र्याची कातडी वेगळी असते, कोरडी पडते.

आता कमी काय ते. रेट बाकीच्यांपेक्षा जास्त आहे. फोन पटकन उचलत नाहीत, मेसेज टाकलेला बरा. शुक्रवारी म्हापशाचा बाजार, गाडी लावायला जागाच मिळत नाही, आम्ही डिचोलीहून येतो तर तो दिवस सोडूनच येतो. बसायला बाकडं बाहेर आहे, पंखा नाही, एप्रिल-मेमध्ये तिथे शित्झू घेऊन थांबणं बरोबर नाही, कृपया आत एक कोपरा करा. आणि करंट गेला की ब्लोअर बंद, ओला कुत्रा टॉवेलात गुंडाळून वाट बघावी लागते, इन्व्हर्टरवर तो चालत नाही म्हणतात. एवढं चांगलं काम करता तर एक जनरेटर घ्याच.

गणेश चवथीच्या आधी यायचं असेल तर खूप आधी बुक करा, तेव्हा गर्दी असते. त्यांनी भिंतीवर कुत्र्याला काय देऊ नये त्याचा कागद लावलाय, चॉकलेट, कांदा, द्राक्षं, मनुका. तो फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाका, कारण चवथीला पाहुणे प्रेमाने लाडू आणि नेवरी (करंजी) भरवतात आणि आतल्या मनुकांनी कुत्र्याची किडनी जाऊ शकते.