वर्षाची वर्गणी आणि रॉबर्ट रायन

दिवाळीत एका परदेशी ओटीटीची वर्षाची वर्गणी भरली, ती फक्त तिथल्या जुन्या अमेरिकन गुन्हेपटांसाठी. नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारी आहेत. सात महिन्यांत चाळीसेक सिनेमे झाले. चित्र झकास. आमच्या बत्तीस इंची टीव्हीवरही पावसात भिजलेली गल्ली चकाकते.

तिथे 'सर्वांचे नॉयर' असा एक कप्पा आहे. नॉयर म्हणजे हेच अंधारे, काळवंडलेले गुन्हेपट. 'सर्वांचे' या शब्दालाच आधी नाक मुरडलं. तेव्हाच्या हॉलिवूडमध्ये कृष्णवर्णीय माणूस दिसायचा तो बहुतेक हमाल, मोलकरीण नाहीतर पियानोवाला. त्यात सिनेमे वर्णानुक्रमे लावलेले, म्हणजे कशाचा कशाला पत्ता नाही. शेवटी रॉबर्ट रायन हा एकच नट धरून सालवार बघितलं, आणि पैसे वसूल झाले.

1947 चा 'क्रॉसफायर'. रायन ज्यूद्वेष्टा सैनिक, खून होतो ज्यू माणसाचा. मूळ कादंबरीत मेलेला माणूस समलिंगी होता. सेन्सॉरच्या नियमांत ते बसेना, म्हणून मयताची ओळखच बदलली. 1949 च्या 'द सेट-अप'मध्ये तर मूळ दीर्घकवितेतला कृष्णवर्णीय बॉक्सर पडद्यावर गोरा रायन झाला. (रायन कॉलेजात खरोखरचा बॉक्सिंग चॅम्पियन, त्यामुळे ठोसे खरे वाटतात.) जेम्स एडवर्ड्स या कृष्णवर्णीय नटाच्या वाट्याला आली ती कपडे बदलायची खोली.

त्याच दिग्दर्शकाने, रॉबर्ट वाइजने, दहा वर्षांनी 'ऑड्स अगेन्स्ट टुमॉरो' केला. हा मी तीनदा बघितला. निर्मिती कृष्णवर्णीय गायक-नट हॅरी बेलाफोंटेच्या कंपनीची, आणि रायनसमोर उभाही तोच. (इथून पुढे शेवट फोडतोय.) दोघांचा बेत बँक लुटायचा. संध्याकाळी तिथल्या लोकांना कॉफी-सँडविच पोचवायला एक कृष्णवर्णीय पोऱ्या येतो, तेव्हा बाजूचं दार साखळीवर किलकिलं होतं. त्याच्या जागी बेलाफोंटेने उभं राहायचं. अख्खा बेत कशावर, तर पोऱ्याचा चेहरा कोण नीट बघतो! आणि फसतो गाडीच्या किल्लीवरून. रायन ती 'असल्या' माणसाच्या हाती द्यायला तयार नाही. किल्ली जाते म्हाताऱ्या साथीदाराकडे, त्याला गोळी लागते, किल्ली त्याच्यापाशीच राहते. शेवटी तेलाच्या टाक्यांवर दोघे जळून कोळसा होतात आणि कोण कुठला ते कुणालाच सांगता येत नाही. हे जरा ठासून सांगितलंय, मान्य. किल्ली मात्र डोक्यातून जात नाही.

आता तक्रारी. या सिनेमाचा खरा लेखक अब्राहम पोलॉन्स्की. तो तेव्हा काळ्या यादीत, म्हणजे कम्युनिस्ट म्हणून हॉलिवूडने काम बंद केलेल्यांत, म्हणून नाव लागलं जॉन ओ. किलन्स या कृष्णवर्णीय कादंबरीकाराचं. पोलॉन्स्कीला रीतसर श्रेय मिळालं 1996 मध्ये. यांच्या माहितीपानावर अजून एकटा किलन्सच. दोनदा कळवलं. 'आपला अभिप्राय मोलाचा आहे' एवढंच उत्तर.

दुसरी सबटायटलची. आयडा लुपिनो या दिग्दर्शिकेच्या 'द हिच-हायकर'मध्ये (1953) मेक्सिकन माणसं सरळ स्पॅनिश बोलतात, आणि खाली येतं '(स्पॅनिशमध्ये बोलतो)'. खुनी खेकसतो, इंग्रजीत बोला! मला काहीच कळत नसल्याने मीही नकळत त्याच्या बाजूचा. बाईंना कदाचित हेच हवं असेल, पण मग कंसातली ती ओळ तरी कशाला?

सध्या तीन तारे. पोलॉन्स्कीचं नाव दिसलं की चौथा देईन.