हस्तिदंतातले संत: लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये काय बघावं, कसं बघावं

मध्ययुगीन ख्रिस्ती हस्तिदंती कोरीवकाम मन लावून बघायचं असेल, तर इथे निदान दोन तास राखून ठेवा. प्रवेश मोफत. एरवी ५.४५ ला बंद होतं, पण शुक्रवारी रात्री १० पर्यंत उघडं असतं. तीच वेळ उत्तम.

दालन क्र. ८ मधल्या लॉर्श गॉस्पेलच्या, म्हणजे जर्मनीतल्या लॉर्श मठातल्या येशूचरित्राच्या ग्रंथाच्या, मुखपृष्ठापासून सुरुवात करा. साधारण इ.स. ८१० चं काम. मधोमध बाळ येशूला घेऊन बसलेली मरिया, वर ख्रिस्ताची प्रतिमा धरलेले दोन देवदूत, खाली येशूजन्म आणि मेंढपाळांना मिळालेली वार्ता. पण आकृत्यांआधी सांधे शोधा. हा एकसंध तुकडा नाही, पाच पाट्या जोडल्या आहेत. हत्तीचा दात गोल, वाकडा आणि मुळाकडे पोकळ; त्यातून दहा-बारा सेंटीमीटरपेक्षा रुंद सपाट पाटी क्वचितच निघते. ग्रंथ मोठा, म्हणून जोडकाम. मरियेच्या वस्त्राच्या दाट चुण्या बघत राहाव्यात अशा आहेत.

मिलानमधली, साधारण इ.स. ९८० ची बासिलेव्स्की सिट्युला म्हणजे पवित्र पाण्याची छोटी बादली. इथे दाताचा गोल आकारच भांड्याला आलाय. पट्टे दोन, प्रसंग बारा: ख्रिस्ताचं दुःखसहन आणि पुनरुत्थान.

चिरा दिसल्या तर कारागिराला दोष देऊ नका. हवेतली ओल कमी-जास्त झाली की दात सगळ्या दिशांनी सारखा आकसत नाही, मग तो लांबीच्या रेषेत फाटतो. पातळ पाट्या वाकतात. पांढरेपणालाही भुलू नका. अशा कामांवर बहुधा रंग आणि सोनं असे. हाताळणीत आणि साफसफाईत ते गेलं. खोल चुण्यांत कधी लाल-निळा कण उरलेला असतो, तो शोधाच.

संग्रहातला बाराव्या शतकातला, बाळ येशूला ज्ञानी पुरुषांनी केलेल्या वंदनाचा उंच फलक मात्र देवमाशाच्या हाडाचा आहे. हाडाला बारीक छिद्रं असतात, हस्तिदंताला नसतात. ओळखायची ही सर्वांत सोपी खूण.

खटकतं एवढंच की लॉर्शचं मागचं आवरण व्हॅटिकनमध्ये आहे, त्यामुळे जोडी एकत्र बघता येत नाही. म्युझियमच्या संकेतस्थळावर फोटो मोठे करून बघता येतात, जाण्याआधी ते जरूर बघा. फोटोत खोली मात्र हरवते. काचेसमोर किंचित तिरकं उभं राहिलं, की पाटीपासून सुटा कोरलेला हात किंवा बोट दिसतं, आणि छिन्नी आत किती शिरली होती तेही कळतं.