औषधं देण्याची बारकोड पद्धत: काही महिने वापरल्यावर

मेडिसिन वॉर्डात पेशंटच्या मनगटावरचा पट्टा आणि औषधाचं पाकीट, दोन्ही स्कॅन करूनच औषध द्यायचं, ही पद्धत आमच्याकडे सुरू होऊन बरेच महिने झाले. तिन्ही पाळ्यांत वापरून झाली, म्हणून आता लिहितेय. घाई असलेल्यांसाठी: यंत्र ठेवण्यासारखं आहे. मात्र ते आणलं एका कारणासाठी आणि मला पटलं भलत्याच कारणासाठी.

काम असं चालतं. डॉक्टर ऑर्डर संगणकात टाकतात, फार्मसिस्ट ती तपासून औषध पाठवतात आणि आम्ही खाटेपाशी जाऊन आधी पट्टा, मग औषध स्कॅन करतो. जुळलं तर हिरवं, नाही तर लाल. डॉक्टरांकडून काही सुटलं तर फार्मसिस्ट पकडतात, फार्मसीतून सुटलं तर आम्ही. आमच्या हातून सुटलं तर पुढे अडवायला कुणी नाही, ते थेट शिरेत जातं. म्हणून तपासणी खाटेपाशी आणणं हे डोकं ठिकाणावर असल्याचं लक्षण. ही कल्पनाही एका नर्सचीच. अमेरिकेत टोपेका इथल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात काम करणाऱ्या स्यू किनिक यांनी भाड्याची गाडी परत करताना तिथल्या माणसाच्या हातातलं स्कॅनर पाहिलं आणि हेच औषधांना का नको, असा प्रश्न विचारला. ही १९९०च्या दशकातली गोष्ट.

चुका कमी होतात का? होतात. बोस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स हॉस्पिटलमधला अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यात वेळेच्या चुका सोडून बाकीच्या चुका ११.५ टक्क्यांवरून ६.८ टक्क्यांवर आल्या. म्हणजे निम्म्याहून जास्त चुका उरल्याच, हे विक्रेता सांगत नाही.

कारण स्कॅनरला कळतं ते फक्त ऑर्डर आणि लेबल. पेशंट त्याला दिसत नाही. एका आजींची सकाळची डिगॉक्सिनची, म्हणजे हृदयाचे ठोके मंदावणाऱ्या औषधाची, गोळी होती. पट्टा हिरवा, गोळी हिरवी. नाडी पूर्ण मिनिटभर मोजली तर ५२. वर आजींना पहाटेपासून मळमळत होतं, नाश्त्याची ताटली तशीच पडलेली. डिगॉक्सिन अंगात जास्त झाल्याचीही ही लक्षणं असू शकतात. गोळी थांबवली, ‘दिलं नाही’ हे बटण दाबून कारण लिहिलं आणि डॉक्टरांना फोन लावला. पूर्वी ट्रीटमेंट शीटवर त्या वेळेभोवती गोल करून सही केली असती आणि तो गोल पुढच्या राउंडला कुणाच्या नजरेला पडला तर पडला. या वेळी डॉक्टरांशी बोलून होतंय तोवर फार्मसीतून फोन आला. त्यांच्या स्क्रीनवर माझी नोंद उमटली होती. आदल्या दिवशीच क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक सुरू झालंय, त्यानं डिगॉक्सिनची पातळी चढते, क्रिएटिनिनही वाढलेलं दिसतंय, म्हणजे किडनीचं काम मंदावलंय, असं त्यांनी सांगितलं. डॉक्टरांनी लगेच डिगॉक्सिनची पातळी आणि पोटॅशियम तपासायला रक्त पाठवायला सांगितलं, अँटिबायोटिक बदललं.

माझ्या मते या सगळ्या यंत्रणेत हे एक बटण सर्वांत कामाचं. न दिलेलं औषध कारणासकट तिघांना एकाच वेळी दिसतं. सिस्टरनं ‘असंच’ थांबवलं की विचार करून थांबवलं, हा वाद संपतो. (जाहिरातीत मात्र हिरव्या दिव्याचाच फोटो.)

आता त्रास.

सुरुवातीला सगळ्या औषधांना वेळेची एकच खिडकी होती, आधी-नंतर अर्धा तास. तीव्र दुखण्याचं इंजेक्शन असो की व्हिटॅमिनची गोळी, उशीर झाला की सारखंच लाल. सकाळच्या गर्दीत निम्मी स्क्रीन लाल दिसली की मग खरं लालही डोळ्यांना टोचत नाही. उलटा प्रकार इन्सुलिनचा. घड्याळ म्हणतं आता द्या, पण जेवण अजून आलेलंच नाही किंवा पेशंट तपासणीसाठी एनबीएम (तोंडानं काही न देता उपाशी ठेवलेला) आहे. जलद काम करणारं इन्सुलिन तेव्हा टोचलं तर साखर खाली जाणार. अमेरिकेतल्या २०११ पासूनच्या मार्गदर्शक सूचनांत अर्ध्या तासाची अट फक्त वेळेला बांधलेल्या औषधांना आहे, बाकीच्यांना एक ते दोन तासांची मुभा आहे. इनचार्ज सिस्टर फार्मसिस्टांना घेऊन बसल्या, यादी केली, तेव्हा कुठे खिडक्या बदलल्या.

अर्धी गोळी हे कायमचं दुखणं. स्ट्रिप कापली की बारकोड नेमका दुसऱ्या तुकड्यावर राहतो. पट्टा ओला होतो, ड्रेसिंगखाली जातो, आयसोलेशनच्या खोलीत स्कॅनरची ट्रॉली नेता येत नाही. मग कुणीतरी जादा पट्टा छापून काउंटरवर चिकटवतं आणि तिथूनच स्कॅन सुरू. २००८च्या एका अभ्यासात अशा पळवाटांचे १५ प्रकार आणि त्यांची ३१ कारणं नोंदवली आहेत. आळस म्हणून ओरडण्याआधी ती कारणं वाचावीत, असं मला वाटतं. तरी काउंटरवरचा पट्टा मला मान्य नाही. मग स्कॅन कशाला करायचं?

हेपारिन (रक्त गोठू न देणारं औषध), इन्सुलिनला दुसऱ्या सिस्टरचा पासवर्ड लागतो. छान, पण ती धावत येऊन पासवर्ड टाकून निघून गेली तर तो डबल चेक नव्हे. तिनं हिशोब स्वतंत्र करायला हवा, माझा आकडा ऐकण्याआधी. आणि सस्टेन्ड रिलीजची (हळूहळू औषध सोडणारी, म्हणून न कुटायची) गोळी कुटून राइल्स ट्यूबमधून, म्हणजे नाकातून पोटात घातलेल्या नळीतून, द्यायला निघालात तरी स्क्रीन हिरवीच राहते. तिथे फार्मसीला फोन करून दुसरं रूप मागायचं, हे आपल्यालाच माहीत असावं लागतं.

घ्यायचा विचार असेल तर डेमोला रात्रपाळीची एक सिस्टर जरूर न्या. अर्धी गोळी, ओला पट्टा, एनबीएम पेशंट आणि बॅटरी उतरलेली ट्रॉली दाखवायला सांगा. ‘दिलं नाही’चं कारण डॉक्टर आणि फार्मसिस्टला कुठे दिसतं, तेही विचारा. नेटवर्क गेल्यावर कागदी शीट कुठून मिळणार, हे मात्र करारातच लिहून घ्या.