मुक्या कॉमेडीतली प्रेमप्रकरणं: बरेच महिने बघितल्यावर

गेले काही महिने जेवणं झाली की वेबसिरीज बंद आणि हॅरॉल्ड लॉइड नाहीतर बस्टर कीटन या मूकपटांतल्या विनोदवीरांचे सिनेमे चालू, असं चाललंय, त्यामुळे आता खात्रीने लिहिते.

सुरुवात ‘गर्ल शाय’पासून (1924) करा. लॉइड शिंप्याकडे काम शिकणारा पोरगा, मुलींसमोर नुसतं त-त-प-प, आणि हा बाबा रात्री बसून पुस्तक कशावर लिहितोय तर मुली कशा पटवायच्या यावर! सिनेमा मुका, तरी त्याचं अडखळणं चक्क दिसतं, शिट्टी वाजली तरच शब्द सुटतात. शेवटी आवडत्या मुलीचं दुसऱ्याशी होणारं लग्न थांबवायला मोटारी, ट्राम, घोडे, जे हाताला लागेल ते पळवत पोचतो आणि तिथेही तोंड उघडेना, मग सरळ नवरीच उचलून बाहेर. बोलपट असता तर भाषण ठोकलं असतं हो त्याने, आणि सगळी मजा गेली असती.

कीटनचा चेहरा मात्र ढिम्म. ‘द नॅव्हिगेटर’मध्ये (1924) श्रीमंत पोरगा मागणी घालायला निघतो, ड्रायव्हरसकट गाडीत बसतो, गाडी वळून समोरच्या फुटपाथला थांबते, कारण पोरगी समोरच राहते! नकार मिळाल्यावर म्हणतो चालत जातो, तेवढंच बरं वाटेल. मी हा तुकडा कितीदा मागे घेऊन बघितलाय.

‘सेव्हन चान्सेस’मध्ये (1925) ऋतू बदलतात, कुत्र्याचं पिल्लू मोठं होतं, आणि याला अजून पोरीला ‘तू आवडतेस’ म्हणता येत नाहीये. पुढे नवरीच्या वेशातल्या बायकांची झुंड मागे लागते तो पाठलाग तर आहेच, त्यातले डोंगरावरून घरंगळत येणारे दगड आधी नव्हतेच, प्रीव्ह्यूला (प्रदर्शनाआधीच्या चाचणी खेळाला) चुकून घरंगळलेल्या दोन-तीन दगडांवर लोक हसले म्हणून खोटे दगड बनवून पुन्हा शूटिंग केलं. पण नोकराच्या भूमिकेत तोंडाला काळा रंग फासून काळा माणूस झालेला गोरा नट आहे, ते विनोद आज घशाखाली उतरत नाहीत.

वैताग एकच, फुकट अपलोड. तेव्हा कॅमेरा हाताने फिरवायचे, वेग कमीजास्त असायचा, आणि चुकीच्या वेगाने चढवलेली प्रिंट असली की माणसं मुंग्यांसारखी पळतात, वर कुठलाही पियानो चिकटवलेला. रिस्टोर केलेली प्रिंट शोधा, फरक पहिल्या पाच मिनिटांत कळतो.

घरच्यांना आधी चव दाखवायची असेल तर ‘शेरलॉक ज्युनिअर’ (1924) लावा, पाऊण तासात संपतो आणि कोणी मोबाईल हातात घेत नाही.